चकती हिरवी होईपर्यंत

चाचांचं नाव मी इथे लिहिणार नाही. ज्या कागदावरचा मजकूर स्वतः वाचलेला नाही, त्यावर आपलं नाव आलेलं त्यांना चालत नसे. सकाळच्या हजेरीच्या तक्त्यावरसुद्धा ते आधी तारीख बघत, मग बाकीच्यांची नावं वाचत आणि मग सही करत. मागे रांग लागे. केरळचे फोरमन मागून ओरडत, "चाचा, हाजिरी है, निकाहनामा नहीं है!"

चाचा मान न वळवता म्हणत, "निकाहनामा भी कोई पढ़ के साइन करता तो आधे लोग बच जाते."

सौदीतल्या जुबैलच्या एका गॅस प्रकल्पावर ते क्वालिटीचे इन्स्पेक्टर होते आणि मी त्यांच्या हाताखाली आलेली नवी इंजिनिअर. ते रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. सगळी साइट त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. बुटका, काटक माणूस. हेल्मेटखाली डोक्याला बांधलेला पांढरा रुमाल, आणि शर्टाच्या दोन खिशांत दोन रंगांचे पुठ्ठ्याचे टॅग. उजव्या खिशात हिरवे, डाव्या खिशात लाल.

आमचं काम सांगायला सोपं आहे. दोन पाइप वेल्डिंग करून जोडले की त्या जॉइंटचा एक्स-रे काढतात. फिल्म बघून इन्स्पेक्टर ठरवतो. जॉइंट चांगला असला तर हिरवा टॅग. शंका असली तर लाल. लाल टॅग लागला की त्या पाइपला कुणी हात लावायचा नाही, आणि तो टॅग ज्यानं लावला त्यानंच काढायचा. मोठा साहेब आला तरी त्याला तो काढता येत नाही.

हा नियम पाइपांसाठी होता. चाचांनी तो सगळ्या जगाला लावला होता. कॅम्पच्या मेसमध्ये एकदा डाळीच्या पातेल्याला लाल टॅग लटकलेला दिसला आणि दोनशे माणसांनी त्या दिवशी दह्याबरोबर भात खाल्ला. आचारी तणतणत आला, तेव्हा चाचांनी त्याला पातेल्याच्या तळाशी सुटलेली कल्हई दाखवली. आमच्या बसच्या मागच्या टायरला टॅग, पाण्याच्या कूलरला टॅग. एका तरुण वेल्डरनं लग्न ठरलेल्या मुलीला फोनवर तिच्या घरच्यांवरून काहीतरी बोललेलं चाचांच्या कानावर आलं, तर त्याच्या हेल्मेटला टॅग. "मी काय केलं?" म्हणत तो दिवसभर मागे फिरला. संध्याकाळी त्यानं मुलीला फोन करून माफी मागितली, तेव्हा कुठे टॅग निघाला. गंमत अशी की तोपर्यंत हेल्मेट त्यानंही डोक्यावर चढवलं नव्हतं. स्टोअरमधून दुसरं मागून आणलं होतं. चाचांचा लाल म्हणजे लाल.

मला पहिला टॅग चौथ्या दिवशी मिळाला.

मी जुबैलमध्येच वाढले. शाळा इंग्लिश मीडियम. बाबा नाशिकचे, तेही इथेच एका कारखान्यात इंजिनिअर. घरात आई मराठी बोलायची आणि मी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचे. बाहेर हिंदी. आणि खरं सांगायचं तर कुठल्याच भाषेत मी फार बोलायचे नाही. साइटवर पुरुषच पुरुष, त्यामुळे मी ईमेलनं काम भागवायचे. पहिल्या रिपोर्टमध्ये मी लिहिलं होतं की जॉइंट ठीक असावा असं दिसतं. जेवून परत आले तर माझ्या मॉनिटरला लाल टॅग लटकत होता.

चाचा खुर्चीत बसून माझी वाट बघत होते. मराठीत म्हणाले, "काय गो बाय, दिसतं म्हणजे काय?"

मी म्हटलं, "म्हणजे... फोटोत ठीक वाटला."

"तू गेलेलीस तिथं?"

"नाही."

"हात लावलास?"

"नाही."

"मग कोणाला दिसतंय ता? माझ्या सासऱ्याला?"

ऑफिसमध्ये कुणी माझ्याशी मराठीत बोलण्याची ती पहिली वेळ. मला रडू येत होतं आणि हसूही. त्या दिवशी पंचेचाळीस डिग्रीत त्यांनी मला तीन मजले शिडी चढवली, हातमोजा काढायला लावला आणि जॉइंटवरून तळहात फिरवायला लावला. "डोळा फसतो, कागद तर हमखास फसतो. हात फसत नाय." मी नवा रिपोर्ट लिहिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि मॉनिटरचा टॅग काढून खिशात घातला. शाबास वगैरे म्हणायची त्यांना सवय नव्हती. टॅग काढला, हीच शाबासकी.

शुक्रवारी सकाळी ते मासळीबाजारात भेटत. त्यांच्या घरी तीन पिढ्या मासळीचा धंदा. वडिलांची होडी होती. आमचे बाबा ट्रेवर जो मासा समोर येईल तो बोटानं दाखवायचे. चाचांनी एकदा ते पाहिलं आणि त्यांना राहवलं नाही. "साहेब, देवळातनं निघताना चप्पल तरी आपली बघून घालता की नाय?" तेव्हापासून आमच्या घरचा मासा चाचा घेऊ लागले आणि मला शेजारी उभं करून शिकवू लागले. कल्ला उघडून बघायचा. डोळा वर आलेला हवा. बोटानं दाबलं की मांस पुन्हा वर यायला हवं. डोकं नसलेला मासा ते मोफत दिला तरी घेत नसत. "पाइपवर छापलेला नंबर कापून टाकला तर तू तो पाइप घेशील? कुठनं आला, कधी आला, काय सांगणार तो?"

कधीकधी एखादा तुकडा दाबून ते हळूच म्हणत, "हा दोनदा मेलाय." म्हणजे एकदा समुद्रात आणि पुन्हा एकदा बर्फात. बर्फातून काढून वितळवलेला आणि पुन्हा बर्फात घातलेला मासा. त्याचं मांस ओल्या कापसासारखं सुटतं. हा धडा मला पुढे उपयोगी पडणार होता, पण बाजारात नव्हे.

एवढ्या वर्षांत चाचांना एका गोष्टीची चुटपुट होती आणि ती आम्हा सगळ्यांना माहीत होती. इन्स्पेक्टर बांधकामाचा माणूस. पाइप जोडून झाले, तपासून झाले की त्याला उचलून दुसऱ्या प्रकल्पावर टाकतात. कारखाना सुरू होतो तेव्हा तो तिथे नसतो. चाचांनी तीस वर्षांत हजारो जॉइंट पास केले होते, पण आपण पास केलेल्या पाइपातून गॅस वाहताना एकदाही अनुभवला नव्हता. "चालू पाइप गुणगुणतो म्हणतात," ते एकदा शिडीवर बसून म्हणाले. "हात ठेवला की कळतं. मी सगळी उमर मुक्या पाइपांवर हात फिरवला."

आमचा प्रकल्प त्यांचा शेवटचा होता. साठी पूर्ण झाली की आमची कंपनी इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, पुढे वाढवत नाही. वाढवायचा तर प्रोजेक्ट मॅनेजरनं पत्र द्यावं लागतं, तेही एकदाच, सहा महिन्यांसाठी. कारखाना साडेसहा महिन्यांनी सुरू होणार होता. पत्र मिळालं तर चाचांना तो पाइप गुणगुणताना मिळणार होता. नाही मिळालं तर महिन्याभरात फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत.

मॅनेजर नवा होता, तरुण सौदी, परदेशात शिकलेला, बोलायला मऊ. त्याला चाचांबद्दल एवढंच ठाऊक होतं की या म्हाताऱ्याच्या लाल टॅगांमुळे काम अडतं. पत्राचा अर्ज त्याच्या टेबलावर दोन आठवडे पडून होता. तेवढ्यात पाइपांची प्रेशर टेस्ट पार पडली आणि त्यानं आमच्या चौदा जणांच्या टीमला जेवायला बोलावलं. गुरुवारी संध्याकाळी, खोबर शहरातल्या एका ब्राझिलियन सीफूड रेस्टॉरंटमध्ये. तो शिकत असताना अशा एका ठिकाणी जेवला होता आणि तेव्हापासून त्याचं त्या जेवणावर प्रेम होतं.

टीमनं ओळखलं की आज पत्राचं ठरणार. बसमध्ये चढताना फोरमननी चाचांना अडवलं.

"चाचा, जेब खाली करो."

"काय? मी काय चोर हाय?"

"टॅग निकालो. आज खाना है, साइट नहीं है. बॉस का पसंदीदा होटल है. आज आपका मुँह भी बंद."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांनी दोन्ही खिसे रिकामे केले. फोरमननी सगळे टॅग ड्रायव्हरच्या कप्प्यात ठेवले, आणि तरी खात्री म्हणून त्यांचे मोजे चाचपले. बसभर हशा पिकला. "कसम?" फोरमननी विचारलं. "कसम," चाचा म्हणाले. "टॅग नाय, तोंड नाय."

रेस्टॉरंट झगमगीत होतं. भिंतीवर होडीचं वल्हं टांगलेलं, चाचांनी जाताजाता त्यावर नखानं टिचकी मारली आणि माझ्या कानात म्हणाले, "प्लास्टिक." आम्ही लांब टेबलाला बसलो. मॅनेजरच्या शेजारची खुर्ची कुणालाच नको होती, म्हणून ती माझ्या वाट्याला आली. चाचा समोर.

मग मॅनेजरनं समजावलं की इथे ऑर्डर द्यायची नसते. वेटर भाजलेले मासे, कोळंबी, माकूळ असं एकेक मोठ्या तबकात घेऊन टेबलांमधून फिरत राहतात. प्रत्येकाच्या ताटाशेजारी एक लाकडी चकती असते. एक बाजू हिरवी, एक लाल. हिरवी वर ठेवली की वाढत राहतात. पोट भरलं की लाल करायची. मग कुणी वाढत नाही.

तेरा जणांनी आधी आपापल्या चकतीकडे आणि मग चाचांकडे पाहिलं. फोरमननी डोळे मिटून घेतले. चाचांनी चकती उचलली, दोन्ही बाजू बघितल्या, वजन घेतलं आणि हिरवी बाजू वर करून अगदी सरळ ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर हसूही नव्हतं. पण मी त्यांना ओळखते. ते खूश झाले होते.

सुरुवात छान झाली. कोळंबी आली, चाचांनी खाल्ली. माकूळ आलं, त्यांनी दोनदा घेतलं. मॅनेजर विद्यापीठातले किस्से सांगत होता आणि आम्ही योग्य जागी हसत होतो. मग एका वेटरनं सुरमईचे जाड तुकडे आणले. तिला इथे कनद म्हणतात, तीच ती. मॅनेजर म्हणाला, "ही इथली खास." त्यानं दोन तुकडे घेतले. सगळ्यांनी घेतले.

चाचांनी काट्याची पाठ तुकड्यावर हलकेच दाबली. थांबले. वाकून वास घेतला. पुन्हा दाबलं. मग काटा ताटाच्या कडेला ठेवला, हात मांडीवर घेतले आणि चकती उलटी केली. लाल.

एक शब्द नाही. कसम पाळली होती.

शेजारच्या वेल्डिंग सुपरवायझरनी घास तोंडाशी नेला होता. त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी घास ताटात ठेवला आणि आपली चकती लाल केली. मग त्यांच्या शेजारच्यानं. मग पलीकडच्यानं. विचार करून कुणी काही केलं असं मला वाटत नाही. इतकी वर्षं त्यांचे हात चाचांचा लाल दिसला की थांबायला शिकले होते, तसे थांबले. फोरमन सगळ्यांत शेवटी. "या अल्लाह," असं पुटपुटत त्यांनीही चकती फिरवली. ते ख्रिश्चन आहेत, पण तीस वर्षं सौदीत काढली की तोंडात तेच येतं.

मीही माझा तुकडा दाबला होता. मांस वर आलं नाही. ओल्या कापसासारखं बाजूला झालं. मी चकती लाल केली.

आता टेबलावर फक्त एक हिरवी चकती उरली, मॅनेजरची. तो खाली बघून चवीनं सुरमई खात होता. वेटरांना वाटलं, या मंडळींची पोटं भरली. दहा मिनिटांत चौदा माणसं तृप्त झालेली त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच पाहिली असतील. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी भराभर ताटं बाजूला सारली आणि जेवणानंतरचा भाजलेला, दालचिनी लावलेला अननस आणून ठेवला.

मॅनेजरनं मान वर केली. त्याच्या तोंडात घास होता आणि समोर अननस.

"काय झालं?" त्यानं इंग्लिशमध्ये विचारलं.

सगळे अननसाकडे बघत राहिले. चाचा छताकडे. त्याच्या लक्षात येऊ लागलं. त्यानं चाचांच्या चकतीकडे पाहिलं, मग बाकीच्या चकत्यांकडे, आणि त्याच्या गालावर रंग चढला. आवडीचं ठिकाण, स्वतः दिलेलं आमंत्रण, आणि समोर सगळ्या टीमनं हात आखडलेले. मग तो माझ्याकडे वळला, कारण मी सगळ्यांत जवळ होते. "तू सांग. माशात काही वाईट आहे? की यांनी केलं म्हणून तुम्ही केलं?"

प्रश्न बरोबर होता. आणि मला माहीत होतं की मी "सॉरी सर, गैरसमज झाला" म्हटलं असतं, तर सगळे सुटले असते. अननस खाऊन आम्ही घरी गेलो असतो आणि पत्रावर कदाचित सही झाली असती. फोरमन टेबलाच्या टोकावरून मला डोळ्यांनी तेच सांगत होते. चाचांनी मात्र माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांना वाटत असेल, हिला पेचात टाकू नये.

मी म्हणाले, "सर, मी स्वतः तपासला. हा मासा दोनदा गोठवलेला आहे. लाल बरोबर आहे."

माझा आवाज मलाच परका वाटला. एवढ्या माणसांसमोर एवढं लांब वाक्य मी शाळेतसुद्धा बोलले नव्हते.

मॅनेजरनं हातातला काटा खाली ठेवला आणि शेफला बोलावलं. शेफ खरोखरच ब्राझीलचा होता, समुद्रकाठच्या गावातला, जाडजूड, आणि स्वयंपाकघरातून बाहेर बोलावल्यामुळे रागावलेला. मॅनेजरनं त्याला तक्रार सांगितली. त्यानं आमच्या चौदा जणांवरून नजर फिरवली, चाचांच्या ताटातला तुकडा बोटांनी उचलला, दाबला, हुंगला. त्याचा राग उतरताना दिसला. तो आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला आणि मग तुटक्या इंग्लिशमध्ये सांगितलं की ताजी सुरमई संपली, कोणीतरी स्टोअरमधली काढली, मला सांगितलं नाही. "माझ्या वडिलांनी हे पाहिलं असतं तर मला होडीतून ढकललं असतं."

मी ते चाचांना मराठीत सांगितलं. चाचांनी कसम मोडली. "त्याला विचार, बापाची होडी किती हाताची होती?"

त्यानंतर ते दोघं स्वयंपाकघरात गेले ते पंचवीस मिनिटं बाहेर आले नाहीत. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. काचेतून आम्हाला दिसत होतं: चाचा कल्ले उघडून दाखवतायत, शेफ मान डोलावतोय, मग शेफ काहीतरी दाखवतोय आणि चाचा नकार देतायत. परत आले तेव्हा त्यांच्या मागून मातीच्या भांड्यात रटरटणारं कालवण आलं. नारळाचं दूध, मिरची, कोथिंबीर, आणि डोक्यासकट मासा.

चाचांनी चमचाभर तोंडात घातलं.

"सार बरं हाय," ते म्हणाले. "कोकम विसरलाय." आणि चकती हिरवी केली.

टक, टक, टक. टेबलावर एकामागून एक तेरा चकत्या उलटल्या. मी तो आवाज विसरणार नाही.

मॅनेजर खुर्चीला टेकून हे बघत होता. त्यानं फोरमनना विचारलं, "साइटवरसुद्धा असंच असतं?"

"सर," फोरमन म्हणाले, "साइटवर अननसही मिळत नाही."

तो हसला. मग त्यानं चाचांना विचारलं की तुम्हाला सहा महिने कशाला हवेत? चाचांनी इंग्लिश, अरबी आणि हातवारे मिसळून सांगितलं. मुका पाइप, गुणगुणणारा पाइप. मॅनेजरनं स्वतःचा तळहात टेबलावर ठेवून पाहिला, जणू टेबल काही बोलेल. रविवारी सकाळी पत्र आलं. निघताना शेफनं चाचांना ती चकती भेट दिली होती. ती पुढे त्यांच्या टिफिनबरोबर रोज साइटवर यायची.

गोष्ट इथे संपली असती तर मला बरं वाटलं असतं.

कारखाना सुरू व्हायला पंधरा दिवस उरले असताना मी जुन्या एक्स-रे फिल्म खोक्यांत लावत होते. कंटाळवाणं काम, पण चाचांनी शिकवलं होतं की लावतानाही बघायचं. एका फिल्मच्या कडेला तिळाएवढा ठिपका दिसला. असा ठिपका मी सकाळीच कुठेतरी पाहिला होता. मी दुसरं खोकं उघडलं. दोन वेगळ्या नंबरांचे जॉइंट, दोन वेगळ्या महिन्यांतल्या फिल्म, आणि दोन्हींवर त्याच जागी तोच तीळ. म्हणजे फिल्म काढणाऱ्यांनी एकाच जॉइंटचा फोटो दोनदा काढून दोन नावांनी दिला होता. एका माणसाचे दोन पासपोर्ट. दुसरा जॉइंट कुणी बघितलाच नव्हता, आणि तो मुख्य गॅस लाइनवर होता.

दोन्ही फिल्मवर सही चाचांची होती.

मी दोन फिल्म हातात घेऊन बसून राहिले. तो जॉइंट उघडायचा म्हणजे कारखाना सुरू होण्याची तारीख पुढे ढकलली जाणार. चाचांचा इकामा तीन आठवड्यांत संपत होता. या दोन फिल्मचं फक्त मला माहीत होतं. फिल्म पुन्हा खोक्यात गेल्या असत्या तर कदाचित काहीच झालं नसतं. प्रेशर टेस्ट तर पास झालीच होती. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी तशीच बसले. मग चाचा टिफिन घेऊन आले, चकती टेबलावर ठेवली आणि माझं तोंड बघून म्हणाले, "काय गो? कोण मेला?"

मी फिल्म पुढे केल्या.

त्यांनी त्या उजेडाच्या पेटीवर लावल्या. एक बघितली. दुसरी बघितली. चष्मा पुसला, पुन्हा बघितल्या. आपल्या दोन्ही सह्यांवरून त्यांनी बोट फिरवलं, जसं जॉइंटवरून फिरवायचे.

"मीच," ते म्हणाले. "दोन्ही मीच."

मी म्हटलं, "चाचा, मधे चार महिने गेले होते. कोणाच्याच लक्षात आलं नसतं."

"तुझ्या आलं ना?" आणि डाव्या खिशातून लाल टॅग काढून माझ्यापुढे धरला. "नाव तुझं लिही. पकडलंस तू."

"पण मग तुम्ही..."

"लिही, बाय. अक्षर नीट काढ."

टॅग लावायला आम्ही दोघं शिडी चढलो. त्यांनी तो मला बांधायला दिला आणि स्वतः पाइपला पाठ टेकून उभे राहिले. जॉइंटचा खरा एक्स-रे निघाला. आत बोटभर लांबीची भेग होती. कापणं, जोडणं, पुन्हा टेस्ट, वाळवणं. कारखाना महिनाभर पुढे गेला. मॅनेजरनं दुसरं पत्र लिहून पाहिलं, पण नियम एकदाचाच होता.

चाचा एका मंगळवारी गेले. विमानतळाच्या बसपाशी सगळे आले होते, फोरमन रडत होते आणि वर म्हणत होते, "खलास, अब हाजिरी जल्दी होगी." चाचांनी मला दोन्ही रंगांच्या टॅगांची चळत दिली. उजव्या खिशात हिरवे, डाव्यात लाल, असं सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं.

कारखाना सुरू झाला त्या सकाळी मी मुख्य लाइनच्या प्लॅटफॉर्मवर होते. प्लँटमध्ये मोबाइल नेता येत नाही, म्हणून फोन ऑफिसच्या कपाटात होता. जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर येऊन मी चाचांना लावला. तिकडे अडीच वाजून गेले होते. फोन चाचींनी उचलला.

"तू हायस होय? ह्यांना सांग बाय काहीतरी! सकाळपासून ताटाजवळ ती लाल चकती ठेवून बसलेत. भात गार झाला, कालवण गार झालं, जेवतील तर शपथ!"

मग चाचांचा आवाज. नमस्कार नाही, सलाम नाही.

"हात लावलास?"

"लावला."

"मोजा काढून?"

"काढून."

"कुठल्या जॉइंटला?"

"आपल्या."

मी रात्रभर वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही आठवेना. माझ्या तळहातात अजून ती थरथर होती, बारीक, एकसारखी, कोणीतरी तोंड मिटून गात असल्यासारखी.

"गुणगुणतोय, चाचा," मी म्हटलं.

मग लाकूड ताटाजवळ टेकल्याचा आवाज आला. टक.

"वाढ गो," ते चाचींना म्हणाले.